फुटलेल्या बाटल्या आणि हिरवं सफरचंद: घरच्या बिअरचं दुखणं नेमकं कुठे आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात पोर्टलंडला आल्यावर तुम्ही घरी दोनदा पेल एल ही फिकट रंगाची बिअर केली. जानेवारीतल्या पहिल्या बिअरला हिरव्या सफरचंदाचा वास आला, चव कच्ची लागली. मार्चमधल्या दुसरीच्या तीन बाटल्या कपाटातच फुटल्या. आता सहाशे डॉलरचं इलेक्ट्रिक यंत्र घ्यावं का? इतक्या ब्रुअरी बंद पडत असताना या छंदात पैसे घालण्यात अर्थ आहे का? आणि पुण्यातल्या भावाला हे कसं शिकवायचं? मी या गावात अठरा वर्षं घरी बिअर करतोय. सगळ्याची उत्तरं देतो, पण सुरुवात कपाटात अजून उभ्या असलेल्या बाटल्यांपासून करू, कारण ते काम आजच करायचं आहे.

त्या बाटल्यांना उघड्या हातांनी शिवू नका. डोळ्यांवर कारखान्यात घालतात तसा चष्मा, हातात जाड हातमोजे, अंगात जाड जॅकेट, आणि खोक्यावर ब्लँकेट. खोलीची हीटिंग बंद करून रात्रभर गार होऊ द्या, मग ब्लँकेटसकट खोकं उचलून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवस थांबा. गार बिअरमध्ये वायू जास्त विरघळतो, त्यामुळे आतला दाब उतरतो. नंतर एकेक बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून, सिंकमध्ये धरून, झाकण किंचित उचका. फस्स झालं की थांबा, फेस खाली बसू द्या, पुन्हा उचका. घरात लहान मूल असेल तर हे काम ते झोपल्यावर करा. फुटलेल्या बाटलीची काच भिंतीत रुतलेली मी पाहिली आहे, म्हणून एवढं बजावून सांगतोय.

यातली एक बाटली ओतून टाकू नका. ग्लासात काढून चमच्याने ढवळत राहा, सगळा वायू जाऊ द्या, आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर हायड्रोमीटर बुडवा. साखर किती उरलीय ते दाखवणारी ही तरंगती काचेची नळी, पाण्यात ती १.००० दाखवते. आकडा १.०१० ते १.०१२ आला आणि चव ठीक असली, तर बिअर पूर्ण आंबायच्या आधीच बाटलीत भरली गेली होती. आकडा १.००४ च्या आसपास आला, बिअर पाण्यासारखी पातळ लागली आणि लवंगेसारखा वास आला, तर बाहेरचं जंगली यीस्ट शिरलंय. तसं असेल तर बादलीचा नळ, रबरी नळ्या, बाटल्या भरायची कांडी हे सगळं प्लॅस्टिक फेकून नवीन घ्या. घासून ते निघत नाही. तुमच्या वर्णनावरून मला पहिलीच शक्यता वाटते.

तुम्ही लिहिलंय की बाटल्या भरताना रीडिंग घेतलं नाही, झाकणावरच्या वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतले, म्हणजे एअरलॉकमधले बुडबुडे थांबले म्हणून बिअर झाली असं धरलं. इथे जवळजवळ प्रत्येक नवा माणूस फसतो. बादलीचं झाकण जरा सैल असलं तरी वायू कडेने जातो आणि एअरलॉक गप्प बसतं. रात्री हीटिंग बंद झाली, तापमान चार अंश उतरलं, तरी बुडबुडे थांबतात. त्यातून तुमच्या किटमधलं एस-०४ हे इंग्लिश यीस्ट. ते चटकन गोळा होऊन तळाशी बसतं. ही त्याची ख्यातीच आहे आणि त्यामुळेच बिअर लवकर नितळ दिसते. पण गारठ्यात ते काम अर्धवट टाकूनही बसतं.

आता हिशेब बघा. १९ लिटरला तुम्ही १२० ग्रॅम कॉर्न शुगर घातली. प्रमाण अगदी बरोबर आहे. त्यातून साधारण २.४ व्हॉल्यूम वायू होतो, म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या २.४ पट. पेल एलला हवा तेवढाच. पण बाटलीत भरताना बिअर १.०१७ वर होती आणि तिला १.०११ पर्यंत उतरायचं होतं असं समजा. हायड्रोमीटरचा प्रत्येक पॉइंट, म्हणजे ०.००१, बंद बाटलीत उतरला की जवळपास अर्धा व्हॉल्यूम वायू देतो. सहा पॉइंटचे झाले तीन व्हॉल्यूम. साखरेचे २.४ त्यात मिळवले की पाचच्या वर गेलात. दुकानातल्या बिअरच्या रिकाम्या बाटल्या मी तीन-साडेतीनच्या पुढे कधी नेत नाही. साखर मोजण्यात तुमची चूक झाली नाही. आधीची साखर शिल्लक आहे की नाही, हे बघायचं राहिलं.

दुसरा एक संशयित आहे, त्याचं नाव किटच्या कागदावर नसतं. चौथ्या दिवशी तुम्ही १०० ग्रॅम हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) टाकले आणि तीन दिवसांनी बाटल्या भरल्या. हॉप्समध्ये थोडी एन्झाइम्स असतात. यीस्टला न पचणारी जी साखर बिअरमध्ये उरते, तिचे ती तुकडे करतात, आणि मग यीस्ट पुन्हा जागं होऊन खायला लागतं. याला हल्ली सगळे हॉप क्रीप म्हणतात. ब्राउन आणि मॉरिस या दोघा इंग्रज रसायनतज्ज्ञांनी १८९३ मध्येच हे लिहून ठेवलं होतं. पुढे ते जवळपास विस्मरणात गेलं. हॉप्सचा मारा असलेल्या आयपीए या प्रकारच्या बिअरचे कॅन फुगायला लागले तेव्हा आपल्या इथल्या कॉर्व्हालिसच्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत त्यावर नव्याने काम झालं. म्हणून ड्राय हॉप केल्यावर, म्हणजे असे आंबत्या बिअरमध्ये हॉप्स टाकल्यावर, रीडिंग घ्या, तीन दिवसांनी परत घ्या. दोन्ही सारखे आले तरच बाटल्या काढा.

हिरव्या सफरचंदाचं मूळही तेच आहे. तो वास असेटाल्डिहाइडचा. साखरेपासून अल्कोहोल करताना यीस्ट वाटेत हा पदार्थ बनवतं, बराचसा बाहेर टाकतं, आणि साखर संपत आली की तोच परत आत घेऊन त्याचं अल्कोहोल करतं. म्हणजे पहिल्या तीन-चार दिवसांत प्रत्येक बिअरला हा वास असतोच. तुम्ही जानेवारीत चौथ्या दिवशी बादली गॅरेजमध्ये हलवलीत. पोर्टलंडचं जानेवारीतलं गॅरेज म्हणजे रात्री दहा-बारा अंश. यीस्ट आवराआवर करायच्या बेतात असताना आपण त्याला गारठवून झोपवलं. दह्याला विरजण लावल्यावर भांडं मध्येच गार ओट्यावर नेऊन ठेवलं तर जे होतं, तेच. त्या बॅचच्या बाटल्या अजून उरल्या असतील तर ओतू नका. वीस-एकवीस अंशांच्या खोलीत तीन आठवडे राहू द्या. बाटलीतलं थोडं यीस्ट जागं होऊन बराचसा वास खाऊन टाकतं. पूर्ण जाईल असं सांगत नाही, पण पिण्याजोगी होते.

म्हणजे दोन्ही बिअरचं दुखणं एकाच जागी आहे: उकळायच्या भांड्यात नाही, त्यानंतरच्या दोन आठवड्यांत. म्हणून सहाशे डॉलरच्या यंत्राला माझं उत्तर, आत्ता नको. ते यंत्र पाणी तापवतं, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भिजवतं, उकळतं आणि गार करायला मदत करतं. हे सगळं तुम्ही स्टोव्हवरच्या पातेल्यात नीट करताच आहात.

माझं आजोळ कोल्हापूरकडचं. गुऱ्हाळात गुळव्या काहिलीपाशी उभा राहून नुसत्या रसाच्या उसळीवरून ओळखायचा की पाक उतरवायचा कधी. तिथे सगळी विद्या आचेपाशी असते, कारण गूळ काहिलीतच होतो. मी बिअर करायला लागलो तेव्हा हेच डोक्यात होतं, म्हणून भांड्यांवर जीव टाकला, तांब्याची कॉइल आणली, मोठा बर्नर आणला. बिअर मात्र काहिलीत होत नाही. तिथे फक्त माल्टचं गोड पाणी होतं, ज्याला वर्ट म्हणतात. त्याची बिअर यीस्ट करतं, आणि ते अंधारात, झाकणाखाली. तिथे बघण्यासारखं काही नसतं, म्हणून कुणी तिथे पैसे घालत नाही.

माझ्या तिसऱ्या बॅचला मी काचेच्या बुधल्यावर तापमान दाखवणारी चिकटपट्टी लावली होती. यीस्ट टाकल्याला दीड दिवस झाला होता. रात्री दोनला उठून टॉर्च मारला. भिंतीवरचा थर्मोस्टॅट २१ दाखवत होता आणि पट्टीवर २६ चा चौकोन हिरवा झाला होता. बुधल्याला हात लावला तर कोमट. आत फेसाचा तपकिरी थर वरपर्यंत आला होता आणि खालचं द्रव सुपात धान्य पाखडल्यासारखं स्वतःच वरखाली होत होतं. तेव्हा कळलं की आंबताना बिअर स्वतः तापते, आणि खोलीचं तापमान म्हणजे बिअरचं तापमान नव्हे. ती बिअर दिसायला सुंदर झाली, पण तिला नेलपॉलिशसारखा वास होता आणि एका ग्लासात डोकं धरलं. यीस्टला पहिले तीन दिवस जास्त उष्णता लागली की ते जड प्रकारची अल्कोहोलं करतं, आणि ती पुढे कितीही थांबलात तरी जात नाहीत. सफरचंदाचा वास जातो, हा जात नाही. म्हणून पहिले तीन दिवस मी सगळ्यात जास्त जपतो.

हे जमवायला महागडं काही लागत नाही. बादली मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात ठेवा, टबात निम्म्यापर्यंत पाणी, बादलीला जुना टीशर्ट गुंडाळून त्याचं टोक पाण्यात सोडा, समोर लहान पंखा लावा. माठाला ओलं फडकं गुंडाळतो तोच प्रकार, तीन-चार अंश सहज उतरतात. उन्हाळ्यात टबात बर्फाच्या दोन बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला. २८ जून २०२१ ला पोर्टलंडमध्ये ४६.७ अंश झाले होते. त्या दिवशी माझी गव्हाची बिअर दुसऱ्याच दिवसावर होती. मी ती बाथटबमध्ये ठेवली, दर दोन तासांनी बर्फ घातला आणि २१ च्या वर जाऊ दिली नाही. इतकं करायचं नसेल तर त्या दिवसांत नॉर्वेतल्या व्हॉसकडचं क्वाइक यीस्ट वापरा. त्याला ३५ ते ४० अंशच आवडतात.

एस-०४ किंवा यूएस-०५ या यीस्टसाठी माझी पद्धत सांगतो. वर्ट १७ अंशांपर्यंत गार करायचं, बादली दोन मिनिटं जोरात हलवून हवा मिसळायची, ११.५ ग्रॅमचं एक पाकीट टाकायचं. १.०६० पर्यंतच्या वर्टला एक पुरतं. तीन दिवस बिअरचं, खोलीचं नव्हे, तापमान १८-१९. चौथ्या दिवशी टबातून काढायची आणि २१ पर्यंत चढू द्यायची. तुम्ही नेमकं उलटं केलंत: ऐन भरात उबेत ठेवलीत आणि शेवटी गारठवलीत. दहाव्या दिवशी पहिलं रीडिंग, तेराव्या दिवशी दुसरं. हायड्रोमीटरवर कितीचं माप छापलंय ते बघा, काहींवर १५.६ अंश असतं, काहींवर २०. नमुना त्याच तापमानाला आणून मोजा. मोजून झाल्यावर तो नमुना प्या, परत बादलीत ओतू नका. त्या दोन घोटांतून जितकं शिकायला मिळतं तितकं कुठल्या वाचनातून मिळालं नाही.

पाण्याबद्दल. आपल्याकडे गावाबाहेरच्या बुल रन या जलाशयांचं पाणी येतं, अतिशय हलकं, कॅल्शियम नावाला. पण त्यात जंतू मारायला घातलेलं क्लोरामाइन असतं, आणि ते क्लोरीनसारखं रात्रभर उघडं ठेवून किंवा उकळून सहज जात नाही. राहिलं तर बिअरला बँडएडचा वास येतो. क्लोरामाइन घालवणाऱ्या कॅम्पडेन या गोळीची पाव गोळी चुरून २० लिटरला टाकली की काही मिनिटांत काम होतं. सध्या तुम्ही माल्ट एक्स्ट्रॅक्टने, म्हणजे माल्टच्या तयार अर्काने करताय, तोवर एवढं पुरे. पुढे अख्ख्या धान्याकडे वळलात की ३० लिटरला ५ ग्रॅम जिप्सम टाकून बघा, कॅल्शियम ४० पीपीएमच्या आसपास येतं आणि हॉप्सचा कडूपणा स्वच्छ लागतो. धान्याकडे वळायलाही यंत्र नको. मोठं पातेलं आणि कापडी पिशवी पुरते, ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी रूढ केलेली पद्धत आहे.

आता ब्रुअरी बंद पडण्याबद्दल. तुम्ही म्हणता ते खरं आहे. आपल्याच गावात १९८४ पासूनची ब्रिजपोर्ट २०१९ मध्ये बंद झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकरने २०२३ मध्ये काम थांबवल्याची बातमी आली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत जितक्या क्राफ्ट ब्रुअरी उघडल्या त्याहून जास्त बंद झाल्या, असं जवळजवळ वीस वर्षांत घडलं नव्हतं. घरी करणारेही कमी झालेत, साहित्याची दुकानं मिटलीत. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हा सगळा धंदा घरातूनच उभा राहिला. १९३३ ला दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअरला मिळाली नाही. ती १४ ऑक्टोबर १९७८ ला जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने मिळाली: एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोघं असतील तर २००, विकायची मात्र नाही. केन ग्रॉसमन यांचं चिकोमध्ये घरच्या बिअरच्या साहित्याचं दुकान होतं. त्यांनी पुढे सिएरा नेवाडा काढली. तिच्या पेल एलमध्ये जो कॅस्केड हॉप आहे तो कॉर्व्हालिसला तयार होऊन १९७२ मध्ये बाहेर आला. तुमच्या किटमध्येही बहुधा तोच आहे.

तुमच्या खिशापुरतं बोलायचं तर या मंदीचा एक उपयोग आहे. छंद सोडणारे लोक आपलं सामान विकतायत. जुना छोटा फ्रिज आणि त्याला लावायचा तापमान नियंत्रक, दोन्ही मिळून शंभर-दीडशे डॉलरच्या आत होतं. सहाशेतले तेवढेच खर्च करा आणि ते इथे खर्च करा. माझ्याकडे असा फ्रिज आल्यानंतरची बिअर आणि आधीची बिअर यांत जो फरक पडला तो दुसऱ्या कुठल्याच वस्तूने पडला नाही. माल्ट आणि यीस्ट मात्र दुकानात जाऊन घ्या. स्टाइनबार्ट आपल्या गावात १९१८ पासून आहे. अशा दुकानात पाकिटावरची तारीख बघता येते, हॉप्स थंडीत ठेवलेत का ते दिसतं, आणि काउंटरवरच्या माणसाला आपली फसलेली बाटली चाखायला देता येते. ओरेगन ब्रू क्रू हा क्लब १९७९ चा आहे, त्यांच्या बैठकीला एकदा बाटली घेऊन जा. २०१० मध्ये कायद्याच्या एका अर्थामुळे ओरेगनमध्ये घरची बिअर घराबाहेर नेणंच बेकायदा ठरलं होतं, राज्याच्या जत्रेतली स्पर्धा रद्द झाली होती. इथल्या लोकांनी पाठपुरावा करून २०११ मध्ये कायदा बदलून घेतला. त्यामुळे आज तुम्ही पिशवीत दोन बाटल्या घालून उजळ माथ्याने जाऊ शकता. सप्टेंबरच्या सुमारास विलामेट खोऱ्यात हॉप्सची तोडणी असते, तेव्हा एखाद्या मळ्यावर जाऊन ओला हॉप तळहातावर चोळून वास घ्या. बोटं दिवसभर चिकट राहतात, पण पाकिटातला हॉप शिळा कधी झालाय ते त्यानंतर नाकालाच कळायला लागतं.

भावाला मात्र हे शिकवू नका. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरतं असलं तरी. तिथे बसून कुणी काही सांगितलं तरी तुम्ही त्याला यीस्टची पाकिटं पाठवू नका. त्याला खरंच गोडी असेल तर पुण्यात शिकायला जागा आहे. डूलाली २००९ मध्ये तिथेच सुरू झाली, त्यानंतर बऱ्याच मायक्रोब्रुअरी आल्या. दुपारच्या निवांत वेळी जाऊन तिथल्या ब्रुअरशी बोलावं, एकच बिअर लहान ग्लासात घेऊन गार असताना आणि कोमट झाल्यावर चाखावी. आणि घरी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करावं. मोड आलेल्या नाचणीची लापशी साध्या पिठाच्या लापशीपेक्षा पातळ आणि गोडसर का होते, हे त्याला समजलं की माल्ट म्हणजे काय ते समजलं. एन्झाइम तेच, धान्य वेगळं.

तुमच्यासाठी पुढचं पाऊल असं: किट तेच घ्या, यीस्ट तेच, हॉप्स तेवढेच. फक्त टब, टीशर्ट, पंखा आणि दोन रीडिंग एवढं नवीन. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच कशाने फरक पडला ते कळतं. दहाव्या आणि तेराव्या दिवसाचे आकडे मला कळवा. दोन्ही सारखे नसतील तर बाटल्या धुवायलासुद्धा घेऊ नका, आधी मला विचारा.